सबवूफरचा बॉक्स निवडताना: वॉटच्या आधी लिटरचा हिशेब

नवी गाडी दारात आली, की काही दिवसांतच तिला सजवण्याची चर्चा घरात सुरू होते. सीटकव्हर आणि पायाखालच्या मॅट यांच्या यादीत तरुण मंडळी आणखी एक वस्तू हमखास घालतात, ती म्हणजे सबवूफर. दुकानात गेल्यावर प्रश्न विचारले जातात ते दोनच: ‘किती वॉटचा?’ आणि ‘दहा इंची घ्यावा की बारा इंची?’ हा वूफर ज्या बॉक्समध्ये बसणार आहे, त्याची चौकशी सहसा कोणी करत नाही. दुकानात तयार असलेला बॉक्स उचलून डिकीत ठेवला जातो, तारा जोडल्या जातात आणि काही हजार रुपयांचे बिल चुकते होते.

तक्रारी सुरू होतात त्या नंतर. कोणत्याही गाण्याला एकच सूर घुमत राहतो, गायकाचे शब्द त्यात बुडून जातात, मागच्या सीटवर बसलेल्या आजींचे डोके दुखू लागते आणि बाजाराच्या पिशव्या ठेवायला डिकीत जागा उरत नाही. मग दोष वूफरला दिला जातो आणि त्याहून महाग वूफर आणला जातो. पुष्कळदा वूफरमध्ये काहीच उणे नसते. उणीव असते ती बॉक्सच्या निवडीत. कोणत्या आकाराच्या आणि कोणत्या जातीच्या बॉक्समध्ये वूफर बसला आहे आणि तो बॉक्स कोणत्या गाडीत ठेवला आहे, यावर खर्जाचा दर्जा वॉटच्या आकड्यापेक्षा कितीतरी अधिक अवलंबून असतो.

बॉक्स लागतोच कशाला?

सबवूफर म्हणजे खर्जाचा, साधारणपणे २० ते ८० हर्ट्झ या पट्ट्यातील आवाज निर्माण करणारा स्पीकर. त्याचा पडदा पुढे सरकतो, तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजेच एका पडद्यापासून एकमेकांच्या नेमके उलट असे दोन आवाज निघतात.

ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर असतो. त्या हिशेबाने ४० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी ८.६ मीटर, म्हणजे चार मीटर लांबीच्या गाडीच्या दुपटीहून अधिक भरते. एवढ्या लांब लाटेला बारा इंची स्पीकरचा अडथळा जाणवतही नाही. मागचा आवाज सहज वळसा घालून पुढे येतो आणि दोन्ही आवाज एकमेकांना खोडून टाकतात. वूफर बॉक्सशिवाय वाजवला, तर पडदा जोरजोरात हलताना दिसतो, पण खर्ज जवळजवळ ऐकू येत नाही, त्याचे कारण हे आहे. मागच्या आवाजाची काहीतरी व्यवस्था लावणे, हे बॉक्सचे पहिले काम. ही व्यवस्था दोन प्रकारांनी लावता येते. मागचा आवाज कोंडून ठेवावा, किंवा त्याला वळण देऊन उपयोगात आणावे.

गोमंतकीय वाचकाला हा भेद समजण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. तबल्याच्या जोडीतील डग्ग्याचे भांडे खालून पूर्ण बंद असते. उलट, राज्य सरकारने २०१९ मध्ये वारसा वाद्य म्हणून मान्यता दिलेल्या घुमटाला दोन तोंडे असतात. मातीच्या मडक्याच्या मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले असते आणि मागचे लहान तोंड मोकळे असते. वादक एका हाताने कातड्यावर वाजवतो आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने मागचे तोंड उघडझाप करून नाद पालटतो. पोकळी तीच, कातडे तेच, पण तोंड झाकताच आवाजाचे रूप बदलते. गाडीतील बॉक्सच्या दोन मुख्य जातींमधील फरक त्याच स्वरूपाचा आहे.

बंद बॉक्स: हवेची स्प्रिंग

सर्व बाजूंनी हवाबंद असलेल्या बॉक्सला दुकानात ‘सील्ड बॉक्स’ म्हणतात. आतली हवा पडद्यामागे स्प्रिंगसारखी काम करते. पडदा आत आला की ती दाबली जाते आणि त्याला परत ढकलते, पडदा बाहेर गेला की ती त्याला मागे खेचते. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये ‘अॅकॉस्टिक रिसर्च’ या कंपनीमार्फत बाजारात आणलेला ‘एआर-१’ हा स्पीकर याच कल्पनेवर उभा होता. पडद्याची मूळ ताठ बांधणी सैल करून तिचे काम कोंडलेल्या हवेवर सोपवल्याने लहानशा बॉक्समधून पूर्वी न मिळणारा स्वच्छ खर्ज मिळू लागला.

बंद बॉक्सचे गुण तीन आहेत. पडद्यावर सतत नियंत्रण असल्यामुळे ठोका नेमका सुरू होतो आणि नेमका थांबतो. बॉक्स लहान असतो. बांधणीत थोडी चूक झाली, तरी ती फारशी बाधत नाही. दोष एक: त्याच वॉटमध्ये मिळणारा आवाज तुलनेने कमी असतो. विशिष्ट मर्यादेच्या खाली त्याचा आवाज दर सप्तकामागे, म्हणजे वारंवारता निम्मी होताना, १२ डेसिबलने घटत जातो.

पोर्टेड बॉक्स: मागच्या आवाजाला वाट

दुसऱ्या जातीत बॉक्सला नळी किंवा लांबट फट ठेवलेली असते. तिला पोर्ट म्हणतात. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की विशिष्ट सूर निघतो, त्याप्रमाणे पोर्टमधील हवा आणि बॉक्समधील हवा मिळून एका ठरावीक वारंवारतेला डोलतात. त्या वारंवारतेच्या आसपास मागचा आवाज उलटून पुढच्या आवाजाला साथ देऊ लागतो. बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास यांना अशा रचनेचे पेटंट १९३२ मध्ये मिळाले. मात्र तिचे काटेकोर गणित बरेच उशिरा आले. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यानंतर १९७०च्या दशकाच्या प्रारंभी रिचर्ड स्मॉल यांनी ते मांडले. आज वूफरच्या खोक्यात येणाऱ्या कागदावर जे आकडे छापलेले असतात, त्यांना या दोघांच्याच नावाने ‘थील-स्मॉल’ आकडे म्हणतात.

सारखाच आकार आणि सारखीच खालची मर्यादा धरली, तर पोर्टेड बॉक्स बंद बॉक्सपेक्षा सुमारे ३ डेसिबल अधिक आवाज देऊ शकतो. तीन डेसिबल म्हणजे अॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट करण्याइतका लाभ. पण या लाभाची किंमत द्यावी लागते. बॉक्स मोठा लागतो. पोर्टच्या वारंवारतेखाली आवाज दर सप्तकामागे २४ डेसिबल इतक्या वेगाने कोसळतो. शिवाय त्या पट्ट्यात पडद्यामागे हवेची स्प्रिंग उरत नाही, त्यामुळे तो बेताल हलून व्हॉइस कॉइल निकामी होऊ शकते. म्हणून पोर्टेड बॉक्स असेल, तर अॅम्प्लिफायरवरील ‘सबसॉनिक फिल्टर’ चालू करून तो पोर्टच्या वारंवारतेच्या किंचित खाली लावणे आवश्यक असते. पोर्ट अरुंद असला, तर मोठ्या आवाजात तेथून हवेचा फुसफुसाट ऐकू येतो, तो वेगळाच.

या सर्व व्यवहाराचे सार ‘हॉफमनचा लोखंडी नियम’ म्हणून ओळखले जाते. अमेरिकेतील ‘केएलएच’ या कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक असलेल्या हॉफमन यांच्या नावाने तो रूढ आहे. लहान बॉक्स, खोल खर्ज आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज या तीन गोष्टींपैकी एका वेळी दोनच मिळतात, असे हा नियम सांगतो. दुकानदाराने तिन्हींची हमी दिली, तर ती हमी भौतिकशास्त्राला मान्य नाही, हे ग्राहकाने ओळखावे.

गाडी हाच दुसरा बॉक्स

घरच्या स्पीकरसाठी केलेली गणिते गाडीला जशीच्या तशी लागू पडत नाहीत. लहान गाडीत प्रवाशांच्या भागाची आतली लांबी सुमारे अडीच ते तीन मीटर असते. आवाजाची अर्धी तरंगलांबी या लांबीपेक्षा मोठी झाली, की लाट गाडीत मावेनाशी होते. मग वूफर लाटा पाठवण्याऐवजी बंद डब्यातील हवेचा दाब वरखाली करू लागतो. २.८ मीटर लांबी धरली, तर ही सीमा ६१ हर्ट्झच्या आसपास येते. तिच्या खाली गाडी स्वतःच खर्ज वाढवू लागते आणि ही वाढ तत्त्वतः दर सप्तकामागे १२ डेसिबल असते. काचा, दरवाजांच्या फटी आणि पातळ पत्रा यांतून काही दाब निसटतो, त्यामुळे प्रत्यक्ष वाढ त्याहून कमी भरते, पण ती स्पष्ट जाणवण्याइतकी असतेच.

बंद बॉक्सचा आवाज सप्तकामागे १२ डेसिबलने घटतो आणि गाडी तेवढीच वाढ करू पाहते. या दोन उताराचढावांची सांगड बसली, की मोकळ्या मैदानात दुबळा वाटणारा बंद बॉक्स हॅचबॅकमध्ये आश्चर्य वाटावे इतका सपाट आणि खोल खर्ज देतो. उलट, पोर्टेड बॉक्सने ४० हर्ट्झजवळ आधीच उचललेल्या आवाजात गाडीची वाढ मिसळली, की तेथे उंचवटा तयार होतो. प्रत्येक गाण्यात एकच सूर घुमतो, अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ बहुधा या उंचवट्यात असते. हॅचबॅकमध्ये पोर्टेड बॉक्स ठेवायचाच असेल, तर त्याचा पोर्ट ३५ हर्ट्झ किंवा त्याहून खाली जुळवून घेतलेला बरा.

सेडानमध्ये चित्र वेगळे असते. तेथे डिकी आणि प्रवासी यांच्या मध्ये सीटची पाठ आणि मागची पत्र्याची फळी असते. डिकीतला आवाज गाळून पुढे येतो. अशा गाडीत पोर्टेड बॉक्सचा अतिरिक्त जोर उपयोगी पडतो. बॉक्स बंद असो वा पोर्टेड, सीटचा मधला भाग दुमडता येत असेल, तर तो उघडून पाहावा. त्या एका मोकळ्या वाटेने पडणारा फरक पुष्कळदा महाग अॅम्प्लिफायरपेक्षा मोठा असतो.

उरलेले पर्याय

बाजारात ‘बेस ट्यूब’ नावाची गोल, नळकांड्यासारखी वस्तू स्वस्तात मिळते. ती बहुतेक वेळा पोर्टेड बॉक्सच असते. तिच्यात वूफर आणि अॅम्प्लिफायर तयार बसवलेले असतात. जोडणी सोपी आणि काढून ठेवणेही सोपे, हा तिचा फायदा. आतली पोकळी त्या वूफरला पुरेशी आहे की नाही, हे मात्र ग्राहकाला कळत नाही आणि तिचा पोर्ट बहुधा घुमणाऱ्या खर्जाकडे झुकलेला असतो.

‘बँडपास’ बॉक्समध्ये वूफर दोन कप्प्यांच्या मधल्या भिंतीत लपलेला असतो आणि सगळा आवाज पोर्टमधूनच बाहेर येतो. तो अरुंद पट्ट्यात प्रचंड आवाज देतो, म्हणून ध्वनिस्पर्धांमध्ये दिसतो. त्याचे माप थोडे चुकले, तरी निकाल बिघडतो. वूफर आतच विव्हळू लागला, तरी ते वेळीच ऐकू येत नाही. रोजच्या वापरासाठी तो क्वचितच योग्य ठरतो.

‘फ्री एअर’ प्रकारात वेगळा बॉक्स नसतोच. सेडानच्या मागच्या फळीत वूफर बसवून संपूर्ण डिकीचीच पोकळी वापरली जाते. जागा वाचते, पण त्यासाठी खास बनवलेला वूफर लागतो आणि डिकी व प्रवासी यांच्यामधली प्रत्येक फट बुजवावी लागते. हॅचबॅकमध्ये अशी भिंतच नसल्याने हा मार्ग बंद आहे.

चौथा पर्याय सीटखाली बसणाऱ्या चपट्या सबवूफरचा. त्यात साधारणतः आठ इंची वूफर आणि अॅम्प्लिफायर एकत्र असतात. तो गाडी हादरवून सोडत नाही. पण दारातल्या लहान स्पीकरांना जो तळ कमी पडतो, तो भरून काढतो आणि डिकी पूर्ण मोकळी ठेवतो. सीएनजीच्या टाकीने डिकी व्यापलेल्या गाड्यांना तर बहुधा हाच मार्ग उरतो.

कागदावरचे आकडे कसे वाचावेत?

वूफरसोबत येणाऱ्या कागदावर इंग्रजी अक्षरांतील काही आकडे असतात. त्यांतील चार आकडे बॉक्स ठरवतात. ‘एफएस’ म्हणजे वूफर मोकळा असताना ज्या वारंवारतेला आपसूक डोलतो ती वारंवारता. ‘क्यूईएस’ म्हणजे त्या डोलण्याला त्याचे चुंबक किती आवर घालते, त्याचे माप. आकडा जितका लहान, तितका आवर अधिक. ‘क्यूटीएस’ हे सर्व बाजूंनी पडणाऱ्या आवराचे एकत्रित माप. ‘व्हीएएस’ म्हणजे पडद्याच्या बांधणीइतकीच लवचीक असलेली हवा किती लिटर, तो आकडा.

पहिली ढोबळ कसोटी अशी. एफएसला क्यूईएसने भागावे. उत्तर ५० च्या आत आले, तर वूफर बंद बॉक्ससाठी योग्य. १०० च्या वर गेले, तर पोर्टेडसाठी योग्य. मधे आले, तर दोन्ही शक्य.

उदाहरणादाखल एक बारा इंची वूफर घेऊ. त्याचा एफएस ३० हर्ट्झ, क्यूईएस ०.५२, क्यूटीएस ०.४७ आणि व्हीएएस ४० लिटर आहे. ३० भागिले ०.५२ म्हणजे सुमारे ५८. दोन्ही वाटा मोकळ्या, पण कल बंद बॉक्सकडे. हा वूफर ३० लिटरच्या बंद बॉक्समध्ये बसवला, तर बॉक्ससह त्याचा क्यू ०.७२ होतो आणि डोलण्याची वारंवारता सुमारे ४६ हर्ट्झवर जाते. ०.७ च्या जवळचा क्यू हा सर्वांत सपाट आवाजाचा मानला जातो, म्हणजे निवड उत्तम. तोच वूफर जागा वाचवण्यासाठी १५ लिटरच्या बॉक्समध्ये कोंबला, तर क्यू ०.९ पर्यंत आणि वारंवारता ५७ हर्ट्झपर्यंत चढते. खोली हरवते आणि वरच्या भागात ढुम्म असा फुगवटा येतो. वॉट तेवढेच, वूफर तोच, बिघाड केवळ लिटरचा.

डिकीतून किती जागा जाईल?

आता हेच लिटर डिकीत मोजून पाहावेत. वरच्या उदाहरणातील बंद बॉक्ससाठी आतले माप ५० बाय ३२ बाय २० सेंटिमीटर घेतले, तर पोकळी ३२ लिटर होते. वूफरचे चुंबक आणि सांगाडा त्यांतील सुमारे दोन लिटर व्यापतात आणि निव्वळ ३० लिटर उरतात. १८ मिलिमीटर जाडीच्या फळ्या लावल्या, की बाहेरचे माप सुमारे ४५ लिटर भरते.

त्याच वूफरसाठी ५० लिटर निव्वळ पोकळीचा आणि ३५ हर्ट्झला जुळवलेला पोर्टेड बॉक्स करायचा झाला, तर १५० चौरस सेंटिमीटर तोंडाचा पोर्ट सुमारे ६३ सेंटिमीटर लांब लागतो. पोर्टमधील हवा साडेनऊ लिटर, पोर्टची फळी साडेतीन लिटर आणि वूफर दोन लिटर धरता आतली एकूण पोकळी ६५ लिटरवर जाते. बाहेरचे माप जवळपास ८५ लिटर होते. फुसफुसाट टाळण्यासाठी पोर्टचे तोंड दुप्पट केले, तर त्याच वारंवारतेसाठी त्याची लांबीही दुपटीहून थोडी अधिक करावी लागते आणि बॉक्स आणखी फुगतो. ‘एक भोक पाडले की झाला पोर्टेड’, ही समजूत किती महागात पडू शकते, ते यावरून दिसते.

मारुती स्विफ्टसारख्या गाडीची डिकी सुमारे २६५ लिटरची आहे. बंद बॉक्स तिचा सहावा हिस्सा घेईल, पोर्टेड बॉक्स जवळपास तिसरा. कुटुंब आठवड्याला बाजार करते का, लग्नसराईत चार बॅगा घेऊन बेळगाव-कोल्हापूरला जाते का, बॉक्स न हलवता स्टेपनी काढता येईल का, हे प्रश्न वूफरच्या इंचांइतकेच महत्त्वाचे आहेत.

लाकूड, पावसाळा आणि सुरक्षितता

बहुतेक तयार बॉक्स एमडीएफचे असतात. एमडीएफ घट्ट आणि एकसंध असल्याने आवाजाच्या दृष्टीने चांगला, पण ओलाव्याचा शत्रू. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात ओल्या छत्र्या आणि चपला डिकीत येतात आणि बॉक्सची कड एकदा पाणी प्यायली, की ती फुगून सांधे उघडतात. बंद बॉक्समधून हवा गळू लागली, की त्याचे सगळे गणित मोडते. किनारपट्टीवर बॉक्स बनवून घेताना १८ मिलिमीटरचा चांगला वॉटरप्रूफ प्लाय घ्यावा. भारतीय मानक ७१० ही खूण असलेला मरीन प्लाय असेल, तर उत्तम. आतले सांधे गोंद आणि सीलंटने बुजवावेत, बाहेरच्या कडांना आवरण चढवण्यापूर्वी सीलर लावावा आणि बॉक्सच्या तळाशी रबरी पाय द्यावेत.

हॅचबॅकमध्ये डिकी आणि प्रवासी यांच्यामध्ये सीटच्या पाठीशिवाय काही नसते. वीस-पंचवीस किलोचा सुटा बॉक्स घाटात अचानक ब्रेक लागल्यावर पुढे झेपावू शकतो. तो पट्ट्यांनी किंवा कोनपट्ट्यांनी गाडीला जखडलेलाच असावा.

विजेचा हिशेबही साधा आहे. ४०० वॉट ‘आरएमएस’ क्षमतेचा, ८० टक्के कार्यक्षम अॅम्प्लिफायर पूर्ण जोरात असताना सुमारे ५०० वॉट खेचतो. इंजिन चालू असताना १३.८ व्होल्टला ते ३६ अँपिअर होतात. एवढा प्रवाह वाहणारी तार जाड तांब्याची हवी आणि तिचा फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आत हवा. फ्यूज अॅम्प्लिफायरजवळ ठेवला, तर मधली सारी तार संरक्षणाविना राहते आणि ती कुठे घासून उघडी पडली, तर आगीचा धोका संभवतो. खोक्यावर ठळकपणे छापलेला हजार-बाराशेचा आकडा बहुधा क्षणिक कमाल क्षमतेचा असतो. तुलना नेहमी आरएमएस आकड्यांचीच करावी.

शेजाऱ्यांचा कान

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्रात ती आणखी कडक आहे. ही मर्यादा माणसाच्या कानाला अनुरूप अशा ‘ए’ मापाने मोजली जाते. या मापात ५० हर्ट्झचा आवाज प्रत्यक्षाहून सुमारे ३० डेसिबल कमी धरला जातो. म्हणून मीटरवर आकडा लहान दिसत असतानाही शेजारच्या खिडकीचे तावदान थरथरते आणि झोपलेले मूल दचकून उठते. लांब तरंगलांबीचा खर्ज भिंतीने अडत नाही. पोर्टेड आणि बँडपास बॉक्स नेमक्या याच पट्ट्यात अधिक आवाज फेकतात, तेव्हा दाट वस्तीत राहणाऱ्याने निवड करताना हा भागही ध्यानात घ्यावा.

गाडीतल्यांचा कानही जपायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित ऐकण्याची मर्यादा सांगितली आहे. त्यावर दर ३ डेसिबल वाढीमागे हा वेळ निम्मा होतो. शिवाय मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा चालकाला ऐकू आलाच पाहिजे.

कोणाला काय योग्य?

हॅचबॅक, कुटुंबाचा वापर आणि ऐकण्यात भजन, नाट्यसंगीत, जुनी चित्रपटगीते असा मेळ असेल, तर दहा इंची वूफर आणि २० ते २५ लिटरचा बंद बॉक्स पुरेसा ठरतो. डग्ग्याची मींड आणि पखवाजाची थाप त्यात वेगवेगळी ऐकू येते. डिकीत जागाच नसेल, तर सीटखालचा सबवूफर घ्यावा. सेडान आहे, नृत्यसंगीताची आवड आहे आणि डिकीचा मोठा भाग देण्याची तयारी आहे, त्याने मोजमापाने बनवलेला पोर्टेड बॉक्स निवडावा. बँडपास बॉक्स स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी सोडावा.

निर्णयापूर्वी शक्य असल्यास दुकानाच्या नमुना-गाडीत, दरवाजे आणि काचा बंद करून, चालकाच्या जागी बसून, नेहमी ऐकण्यातली दोन-तीन गाणी वाजवून पाहावीत. दुकानातील फळीवर ठेवलेल्या बॉक्सचा आवाज ऐकून काहीच ठरत नाही, कारण तेथे गाडी नावाचा दुसरा बॉक्स नसतो. एकच सूर सतत पुढे येत असेल, तर बॉक्स किंवा पोर्ट चुकला आहे असे समजावे. गाडीला गॅरंटी असेल, तर तारांची जोडणी मूळ वायरिंग न कापता होते आहे याची खात्री करावी. आणि बिल घेताना त्यावर आरएमएस वॉटसोबत बॉक्सची निव्वळ पोकळी किती लिटर आणि पोर्ट किती हर्ट्झचा, हे लिहून मागावे. ज्या दुकानात या दोन आकड्यांचे उत्तर लगेच मिळते, तेथे बॉक्स बहुधा मोजूनच बनवलेला असतो.